कानावरची बट

“चाळिशीनंतर दाट केसांच्या बाईने वेणी लांब ठेवू नये, ते ओझं चेहऱ्याला खाली ओढतं, आणि एकदा चेहरा खाली गेला की लोक त्याला मर्यादा म्हणतात.”

पतासी नायणीने, म्हणजे कसब्याच्या न्हाविणीने, हे सायरला ऐकवलं तेव्हा सायरची वेणी तिच्या दोन्ही तळहातांवर होती. कडब्याची पेंढी विकत घ्यावी की नको, अशा बेताने ती वेणी तोलत होती. बांगडीवाल्याच्या दुकानामागे पडदा लावलेली एवढीशी खोली. एक आरसा, एक खुर्ची, पत्र्याची एक पेटी. नणंदेच्या मुलीचं लग्न होतं म्हणून सायर मेंदी काढून घ्यायला आली होती आणि खुर्ची रिकामी दिसली म्हणून बसली होती.

“आम्हा चौधरण्यांचा चेहरा बघतो कोण, पतासी? ओढणी नाकापर्यंत.”

“आरसा बघतो की. त्याच्यापुढे कुठे घुंघट घेतेस?”

“नवरा जिवंत असताना केसाला कात्री लावली तर सासू मला अंगणात पुरेल.”

“मग वाढव अजून. खड्ड्यात सोडायला दोर आयताच होईल.”

सायर हसली. हसताना मान मागे गेली आणि नेहमीची कळ कवटीतून पाठीत उतरली. तिचे केस माहेरापासून गाजलेले. लग्न ठरवताना सासूने ते मुठीत धरून पाहिले होते, बैलाची शेपूट धरून पाहतात तसे. आता ती चव्वेचाळीस वर्षांची होती. उन्हाळ्यात वेणीखालची पाठ उकडून सोलायची, सवाष्णीचा दागिना म्हणून कपाळावरचा बोर केसांतून मागे आवळून बांधलेला, आणि संध्याकाळपर्यंत डोकं म्हणजे कुणीतरी आत खिळे ठोकत बसल्यासारखं. पतासीने आरशात दोन बोटांनी तिचे केस खांद्याशी दुमडून धरले. क्षणभर आरशात दुसरीच बाई बसली होती. गालाची हाडं वर, मान लांब, डोळे उघडे. मग पतासीने केस सोडले आणि ती बाई मेली.

पतासीची आई कसब्याची नायण होती. लग्नात नवरीची नखं काढायची ती, आणि नवरा मेला की त्याच बाईच्या बांगड्या फोडायचीही तीच. पतासीने आयुष्यात पहिल्यांदा परक्या बाईच्या केसांना हात लावला तो अशाच एका घरी. विधवेच्या कपाळावरचा बोर केसांत गुंतला होता, बाई जमिनीवर डोकं आपटत होती, बाहेर तिरडी बांधून तयार होती. आई म्हणाली, “ओढ.” पतासीने ओढला. बोराबरोबर केसांचा झुबका आला आणि झुबक्याबरोबर कातडी. तेव्हापासून कुणाच्याही केसांत बोटं घालण्याआधी ती विचारायची, “दुखतंय का?” बायका हसायच्या. अजून हात तरी लावलास का, म्हणायच्या. ती तरी विचारायची.

तिचा नवरा बसस्टँडवर हजामती करायचा. एकदा दारूत त्याने वस्तरा तिच्यावर चालवला आणि डाव्या कानाची अर्धी पाळी उडाली. “खाली पडली ती कोंबडीने उचलली,” पतासी सांगायची. “त्या कोंबडीने त्यानंतर माझंच ऐकलं.” पुढे तो ट्रकखाली गेला. बांगड्या फोडायला गावात दुसरी नायण नव्हती. दगड तिनेच घेतला. “आईला चार घाव लागायचे. मला एक पुरला.”

त्या कानावर ती केसांची एक बट अशी सोडायची की नवख्या बाईला वाटावं, शौक आहे. बायका म्हणायच्या, आम्हालाही तशीच काढून दे. ती काढून द्यायची. कसब्यातल्या अर्ध्या बायका पतासीची जखम कानावर मिरवत होत्या.

मग तो उन्हाळा आला. आधी शेजारच्या तहसिलीतून बातमी आली, मग जवळच्या ढाणीच्या वस्तीतून: झोपलेल्या बाईची वेणी कुणीतरी कापून नेतं, बाई बेशुद्ध पडते, कापणारा दिसत नाही. कुणी म्हणालं मांजर होऊन येतं, कुणी म्हणालं भगव्या लुगड्यातली बाई. दारांवर मेंदीच्या हातांचे ठसे उमटले, चौकटींना निंबाचे डहाळे लागले. पुरुष काठ्या घेऊन पाळ्या द्यायला लागले. रस्ता चुकलेल्या एका वेडसर माणसाला पलीकडच्या गावात इतकं मारलं की त्याला उचलताना हात एकीकडे आणि खांदा एकीकडे येत होता. माणसं ते चहाच्या टपरीवर सांगायची, पीकपाण्याचं सांगतात तशी.

सायर चुलीपुढे बसली होती तेव्हा ती गोष्ट तिच्या मनात आली: वेणी आपणच कापून घ्यायची आणि नाव भुताचं सांगायचं. इतकी सहज आली की तिने मागे वळून पाहिलं, कुणी बोललं की काय.

“भुताचं नाव घेऊन खेळू नकोस, चौधरण,” दुसऱ्या दिवशी खुर्चीमागे उभी राहून पतासी म्हणाली. “भूत खोटं असतं. त्याला मारायला निघालेले लोक खरे असतात.”

“तूच म्हणालीस चेहरा खाली जातो.”

“मी शंभर गोष्टी म्हणते. धंदा आहे माझा.”

“कापतेस, की घरी जाऊन विळ्याने कापू?”

पतासीने कात्री उचलली. मग तिने विचारलं, “दुखतंय का?”

“रोज,” सायर म्हणाली.

वेणीला वरून लाल दोरा होता. सासूने स्वतः वळलेला, टोकाला चांदीचं एक घुंगरू. तो सोडू नको, असं पतासीच म्हणाली. मुळं एका बाजूला बांधलेली राहिली तरच वेणी विकली जाते, सुटली की कचरा. तिने दोऱ्याच्या वर कात्री घातली. सायरला वाटलं होतं एकदाच कच् होईल. पण ते केस दाट होते, कात्री चावत राहिली, वाळूत फावडं घालावं तसा आवाज कवटीच्या आतून येत राहिला आणि मग डोकं एकदम वर उसळलं. एवढी वर्षं कुणीतरी मागून धरलं होतं आणि आता सोडलं होतं.

पतासीने मानेवरचे केस हलके केले, कानाखालून उतरत जाणारे थर काढले, भांग मात्र तसाच ठेवला, बोर बांधायला. शेवटी कानावर एक बट सोडली. “वेणीचं काय करू?” तिने विचारलं. “मला दाखवू नकोस,” सायर म्हणाली.

ती घरी जाऊन गोठ्यात आडवी झाली आणि किंचाळली. पुढचं तिला माहीत होतं, तरी माहीत असण्याने मार कमी लागत नाही. सासूने मिरच्यांची धुरी नाकाशी धरली, निंबाच्या ओल्या काठीने पाय फोडले. भूत उतरवणाऱ्या भोप्याला बोलावलं. त्याने लोखंडी साखळी पाठीवर उतरवत भुताला नाव विचारलं. सायरने नाव सांगितलं नाही. नवरा, चेनाराम, भिंतीला टेकून लहान मुलासारखा रडला. “ज्याने माझ्या घरच्या लक्ष्मीला हात लावला त्याचे हात मी उपटीन,” असं तो सगळ्यांदेखत म्हणाला. सायरने ते ऐकलं. पण पाठीची आग होत असताना मान हलकी होती, आणि माणूस हलकं असलं की पुढचं ऐकू येत नाही.

मग पतासीकडे सोनाराची किस्तूरी आली. तिच्यामागून आणखी आल्या. सगळ्या चाळिशीपुढच्या, सगळ्यांचे केस दाट, सगळ्यांना भुताने धरलं.

“भूत शिकलेलं दिसतं हो,” किस्तूरी खुर्चीत बसून म्हणायची. “थर काढतं.”

“आणि चेहरा बघून काढतं. तुझ्या गोल तोंडाला कानाखाली, चौधरणीच्या लांब तोंडाला खांद्यापाशी.”

भूत सगळ्यांना एकाच हाताने कापतं हे एकाही पुरुषाला उमगलं नाही. त्यासाठी आधी बायकांचं डोकं उघडं बघावं लागतं.

वेण्या पतासी झमकूला द्यायची. झमकू गाढवावर स्टीलच्या वाट्या लादून गावोगाव हिंडायची आणि विंचरून गळलेल्या केसांवर वाटी द्यायची. डोळ्याने तिरळी, तोंडाने फाटकी. “हे केस म्हणायचे का माझ्या गाढवाची शेपटी?” असं प्रत्येक दाराशी म्हणायची आणि तरी वाटी द्यायची. अख्ख्या वेण्या बघून तिने पतासीला काही विचारलं नाही. फक्त डोळा मारला, पण तिरळ्या डोळ्याने, त्यामुळे तो कुणाला मारला ते कळलं नाही.

त्या दिवशी भर दुपारी सायर खुर्चीत होती. मानेवरचे केस वाढून टोचत होते. गळ्याभोवती कापड, अर्धं डोकं ओलं. किस्तूरी पाटावर बसून काकडी खात होती. बाहेर लूचा गरम वारा सुटलेला. आणि बांगडीवाल्याने धाडकन शटर खाली ओढलं.

“पतासी, बाहेर येऊ नका गं! वेण्या कापणारी सापडली!”

“कोण?” पतासीने विचारलं.

“ती वाट्यावाली. झोळीत केस निघाले!” आणि तो पळाला, घराकडे नाही, चौकाकडे.

दुकानाला दुसरं दार नव्हतं. तिघी शटरच्या फटीला डोळे लावून वाकल्या. चौकातल्या निंबाला झमकूला बांधलं होतं. वाट्या मातीत विखुरल्या होत्या, उन्हात त्यांच्याकडे बघवत नव्हतं. गाढवाच्या पायावर कुणीतरी काठी घातली होती आणि ते तीन पायांवर उभं राहून ओरडत होतं. माणसं ओळखीची होती. तो पिठाच्या गिरणीवाला. तो शाळेतला शिपाई. तो काल घरी ताक पिऊन गेलेला. सगळ्यांचे चेहरे एका मापाने कापल्यासारखे दिसत होते.

पुढे चेनाराम होता. त्याच्या हातात सायरची वेणी होती. लाल दोरा, टोकाला घुंगरू.

“ही माझ्या बायकोची आहे!” तो ओरडला. “माझ्या आईने वळलेला दोरा आहे हा!” आणि त्याने वेणी चाबकासारखी फिरवून झमकूच्या तोंडावर मारली. घुंगरू वाजलं. तिचं गालफड फाटलं. पुन्हा मारली. ती लांब होती, दाट होती, हातात नीट बसत होती. प्रत्येक फटक्याबरोबर घुंगरू वाजत होतं आणि सायरच्या टाळूला झिणझिण्या येत होत्या, केस अजून तिथेच असल्यासारख्या.

“विकत घेतलेत रे!” झमकू किंचाळली. “वाट्या देऊन घेतलेत!”

“कुणाकडून? नाव सांग!”

झमकूने नाव सांगायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात मागून दगड आला. नावाच्या जागी दात आणि रक्त बाहेर आलं.

पतासी फटीपासून बाजूला झाली. “चौधरण, तुझा नवरा आहे. तू एक वाक्य बोललीस तर थांबेल.”

“माझं ऐकून तो मला त्याच झाडाला बांधेल.”

“बांधेल. मारेलही. पण जीव घेणार नाही, त्याच्या पोरांची आई आहेस तू. तिचं कोण आहे?”

“पोलीस येतील की,” किस्तूरी म्हणाली. काकडी अजून तिच्या हातात होती.

“येतील. चादर घेऊन येतील.”

सायर आरशासमोर उभी होती. वाक्य काही मोठं नव्हतं. मीच कापून घेतली. सासूची काठी तिला आठवली, साखळी आठवली, आणि त्या दोन्ही आता पुन्हा, आणि या वेळी भुताच्या नावाने नाही. तिने गळ्याभोवतीचं कापड घट्ट धरलं. बाहेर घुंगरू वाजलं.

“दुखतंय का?” पतासीने विचारलं.

खरं तर या वेळी सायरला काहीच लागलं नव्हतं.

पतासीने पत्र्याची पेटी उघडली. आत न विकलेल्या वेण्या होत्या, मेलेल्या सापांसारख्या एकावर एक. ती त्या उचलायला लागली तशी किस्तूरीने तिचा हात धरला. “अगं, काय करतेस? माझ्या वेणीत माझ्या आईचा मणी आहे. सगळे ओळखतील!”

पतासीने मणी तोडून तिच्या हातात ठेवला. मग खाली बसून ती एकेका वेणीचा दोरा कापत गेली. गोंडा, कवडी, रंगीत लोकर, सगळं तिने पायाशी पडू दिलं. दोरे गेल्यावर वेण्या उकलल्या आणि केस कुणाचेच राहिले नाहीत. तिने त्यांचा भारा डाव्या दंडावर घेतला. तो काळा भारा गुडघ्यापर्यंत लोंबला. कात्री तिने उजव्या हातात धरली, लपवली नाही.

मग आरशात बघून तिने कानावरची बट मागे सारली आणि कानामागे घट्ट खोचली. अर्धी पाळी उघडी पडली. वस्तऱ्याने कापल्याची कड अजून सरळ होती.

“पतासी,” सायर म्हणाली. “पतासी, थांब.”

पतासी वळली. सायरकडे बघत क्षणभर थांबली, बायकांना खुर्चीत बसवताना बघायची तशी, या चेहऱ्याला काय शोभेल याचा अंदाज घेत. सायरने तोंड उघडलं. ओल्या केसांतलं पाणी मानेवरून पाठीत उतरत होतं, साखळीचे वळ होते त्या जागेवरून. तिने तोंड मिटलं.

पतासीने पायाने शटर वर उचललं. ऊन आत घुसलं, गरम वारा घुसला, आणि गाढवाचं ओरडणं. चौकातली पहिली ओळ वळली, मग दुसरी. चेनारामचा उगारलेला हात हवेत राहिला, वेणी त्याच्या मनगटाभोवती गुंडाळलेली. दंडावर केस, हातात कात्री आणि कान उघडा टाकून पतासी पायरी उतरली आणि त्यांच्याकडे चालत गेली.