आमच्या तिळाचा एकोणपन्नास

माझा जावई जर्मन आहे. नाव टिल. नैनाने पहिल्यांदा फोनवर नाव सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "तीळ? हे काय नाव झालं? मग गूळ कुठाय?" तेव्हापासून आमच्या घरात तो तीळच. त्याला त्याचा राग नाही. उलट कोणी पाहुणे आले की स्वतःच सांगतो, "मी तीळ, नैना गूळ." मेला लाघवी आहे, त्यात वाद नाही.

धंदा फुटबॉलचा. मिडफिल्डर. म्हणजे गोल मारून नाचणारे वेगळे; ह्याने मधे राहून बॉल हिसकायचा आणि बाकीच्यांना वाटायचा. कोळशाच्या खाणींच्या गावात वाढला, लहानपणीच मोठ्या क्लबच्या अकॅडमीत गेला आणि विशीत त्यांनी त्याला नारळ दिला. मग तिसऱ्या डिव्हिजनमध्ये आज ह्या गावाला, उद्या त्या. गुडघा एकदा उघडून शिवला. शेवटी शिकागोजवळच्या एका छोट्या क्लबने बोलावलं म्हणून अमेरिकेत आला, आणि इथे नेपरव्हिलमध्ये आमची नैना भेटली. माझी बहीण नागपूरहून विचारते, "फेमस आहे का गं?" मी म्हणते, "हो, आमच्या किचनमध्ये."

नैनाचे बाबा गेले तशी मी तिच्याकडे राहायला आले. जन्मभर शाळेत पोरांना पाढे शिकवलेले, त्यामुळे हात शिवशिवत होते. म्हटलं, चला, ह्यालाच मराठी शिकवू. व्याकरणाच्या नावाने शंख, पण आकडे मात्र झटकन आले. कारण जर्मन आपल्यासारखेच मोजतात. सत्तेचाळीस म्हणजे आधी सात, मग चाळीस. त्यांचंही तसंच. घोळ व्हायचा तो इंग्रजीत. फॉर्टी-सेव्हनच्या जागी सेव्हन्टी-फोर बोलून हा मोकळा! टीममध्ये त्यावरून रोज टिंगल.

मराठीत त्याला अडायचे ते फक्त एकोणवाले आकडे, आणि सगळ्यांत जास्त एकोणपन्नास. "आई, ह्यात नऊ कुठे आहे?"

"नऊ नाहीच रे बाबा. पन्नासला एक कमी."

"बिचारा नंबर," तो म्हणाला होता. "काय आहे ते नाही सांगत. काय नाही ते सांगतो." पण पुढे असा घोटून पाठ केला की झोपेतून उठवून विचारावं.

गेल्या सीझनला तो चौतीस वर्षांचा. क्लबशी करार असा होता की पन्नास मॅच भरल्या की आणखी एक वर्ष आपोआप मिळणार. नाहीतर रामराम. ह्या वयात दुसरा कोणी दारात उभं करणार नाही, हे त्याला माहीत होतं. सीझनच्या दोन मॅच उरल्या होत्या आणि त्याला नेमक्या दोनच हव्या होत्या.

पहिल्या मॅचला नैना आणि मी स्टँडमध्ये होतो. बॉलसाठी दोघे उडाले आणि डोक्यावर डोकं आपटलं. अगं बाई, तो आवाज वरपर्यंत आला! खेळाडूंची दुखापत बघणारा ट्रेनर धावत गेला. डोकं ठिकाणावर आहे का बघायला त्याने काय विचारलं ते घरी येताना गाडीत तिळानेच हसत सांगितलं. कितवं मिनिट, असं विचारलं. हा म्हणाला सेव्हन्टी-फोर. चाललं होतं सत्तेचाळिसावं. सगळे हसले, हा नेहमी उलटंच बोलतो म्हणून. ट्रेनरही हसला, आणि पठ्ठ्या पूर्ण मॅच खेळला. गाडीत आम्हीही हसलो.

पण त्या आठवड्यात तो किचनमध्ये गॉगल लावून बसायला लागला. नैनाने विचारलं की "जस्ट टायर्ड." नैना सकाळी ट्रेनने शिकागोला जायची, संध्याकाळी यायची, तिला काय दिसणार? मला दिसत होतं. एकदा चहात साखर घातली, ढवळली आणि पुन्हा साखर घातली.

मी थालीपीठ थापत होते. सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय रे, किती मॅच झाल्या तुझ्या? मराठीत सांग."

"नऊ..." तो म्हणाला. थांबला. "नऊ... चाळ..." मराठीत उलटसुलट व्हायचा प्रश्नच नव्हता. आकडा गेलाच होता डोक्यातून. मी गॅस बंद केला.

"आई, प्लीज. नैनाला नको. एक मॅच. पाच मिनिटं खेळेन, तेवढ्यानेही मॅच धरतात, मग डॉक्टर. प्रॉमिस."

"आणि त्या पाच मिनिटांत पुन्हा डोकं आपटलं तर? कराराला मांडीवर घेऊन बसू का मी?"

"हे माझं काम आहे," तो म्हणाला. "मला दुसरं काही येत नाही."

खरं सांगते, जीव तिळतिळ तुटला. मी नैनाला फोन केला, आणि नैनाने क्लबला. त्यांच्या डॉक्टरने तपासून त्याला बसवलं. शेवटची मॅच त्याच्याशिवाय झाली, आणि करार संपला.

घरात कोणी आरडाओरडा केला नाही. केला असता तर बरं झालं असतं. "आई, तू आधी त्याला स्वतः सांगायचा चान्स द्यायचा होतास," एवढंच नैना म्हणाली. तीळ माझं ताट उचलायचा, बर्फात माझ्यासाठी वाट साफ करायचा, पण माझ्याशी बोलत नव्हता. अंधाऱ्या खोलीत पडून असायचा. नसती उठाठेव केली का मी? कदाचित पाच मिनिटांत काहीच झालं नसतं. ह्याचं उत्तर मला कोणी देऊ शकत नाही आणि मला ते छळतं.

संक्रांतीला घरी चार माणसं बोलावली. तिळगूळ देताना सगळ्यांत शेवटी त्याच्यासमोर गेले. "तिळगूळ घे, गोड बोल," म्हटलं. त्याने वडी घेतली, वाकून नमस्कार केला. बोलला नाही.

तेवढ्यात श्रीरंगकाका, शेजारचे, सोफ्यावरून म्हणाले, "काय मग तीळ, आपल्या क्लबसाठी टोटल किती मॅच खेळलास यार?"

तो एक क्षणही अडखळला नाही.

"एकोणपन्नास."

"बरोबर!" माझ्या तोंडून निघून गेलं, वर्गात निघायचं तसंच. आनंदाने डोळे भरून आले माझे.

तेव्हा कुठे त्याने माझ्याकडे बघितलं, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा.

"हो आई," तो म्हणाला. "पन्नासला एक कमी."