चीफना सिग्नल सापडेना

ये गं अनू, अशी जवळ बैस. आणि तो फोन आधी पर्समध्ये टाक. सिंगापुरातल्या सिंगापुरात, पुंगोलहून इथे वुडलँड्सला यायला तुला महिने लागतात, आणि आलीस की बूड टेकायच्या आत घड्याळ बघतेस. मी मावशी आहे म्हणून खपवून घेते. आज तुला आमच्या शेजारच्या चीफबद्दल सांगायचंय.

चीफ म्हणजे जहाजावरचे चीफ इंजिनिअर. निवृत्त झाले तरी मजल्यावर त्यांना नावाने कोणी हाक मारली नाही. सगळं आयुष्य समुद्रावर गेलं, पण या माणसाला दिशा म्हणून कळायची नाही. लिफ्टमधून बाहेर पडले की हमखास उलट्या बाजूला चालू लागायचे. कोणी हसलं की म्हणायचे, "आकाश बघायचं काम वरच्या लोकांचं. आम्ही तळाशी, इंजिनपाशी. आम्हाला खिडकी तरी कुठे होती?"

निवृत्तीनंतर त्यांच्या मनात एकच होतं, बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना, घेऊन हिंडायचं. इतकी वर्षं बाई फ्लॅटमध्ये एकटी, सोबतीला काय, तर संध्याकाळची हिंदी मालिका. वहिनी ठाम होत्या. "तुम्ही नव्हतात तेव्हा ती होती. तिचा एक भाग चुकला, तर गाडी तिथूनच परत फिरवायची. आणि पुन्हा मला चल म्हणायचं नाही."

"मंजूर," चीफ म्हणाले.

तू म्हणशील, मोबाइलवर बघायची. अगं, पलीकडे मलेशियात चीफना आवडायचे ते किनारे असे, की फोनला धड रेंज नाही. हॉटेल हा शब्द तर त्यांच्यापुढे काढायचाच नाही. त्यांची जुनी सात सीटची गाडी, मागच्या सीट आडव्या करून वर गादी. आम्ही दोघी आत झोपायचो, चीफ बाहेर छोट्या तंबूत. मी एकटी, म्हणून मलाही न्यायचे. शिवाय आत बसून टीव्हीकडे बघत ओरडायला कोणीतरी लागायचंच.

कारण चीफनी गाडीत छोटा टीव्ही बसवला होता आणि त्यासाठी डिश घेतली होती, कोणीतरी वापरलेली. सिंगापुरात तसली डिश परवान्याशिवाय ठेवता येत नाही, म्हणून ती सीमेपलीकडे जोहोरला एका ओळखीच्या मेकॅनिककडे असायची; जाताना उचलायची, येताना ठेवायची. तिला स्टँड केला आमच्या इमारतीखाली कोणी टाकून दिलेल्या पंख्याचा. वाऱ्याने पडू नये म्हणून पायाशी पाण्याचे कॅन बांधायचे. सिग्नल जवळ आला की बीप करणारं एक चिमुकलं यंत्र होतं, त्याला ते पोटच्या पोरासारखं जपायचे.

पहिल्या दिवशी त्यांनी डिश लावली ती ठाण्याला भावाच्या गच्चीवर बघितली होती तशी, कलती. मी आतून ओरडतेय, "नाही! नाही! अजून नाही!" शेवटी वहिनी खाली उतरल्या. "अहो, ही समुद्राकडे बघतेय. उपग्रह काय पोहायला गेलाय?" तेव्हा कुठे चीफना मेकॅनिकचं बोलणं आठवलं, की इथे तो जवळजवळ डोक्यावरच असतो. वहिनींनी डिशचं तोंड धरून वर केलं आणि मी किंचाळले, "आलं!"

त्यानंतर प्रत्येक सहलीत तेच. मालिका चालू असेपर्यंत चीफ बाहेर स्टँडवर हात ठेवून उभे. "या ना आत," वहिनी म्हणायच्या. "ड्यूटीवर आहे," हे उत्तर. बायकोला सोबत करायला म्हणून आणलं, आणि हा माणूस काचेच्या पलीकडेच.

एकदा मालिकेच्या ऐन वेळेला असा पाऊस कोसळला, की चित्राचे चौकोन चौकोन झाले आणि मग पडदा काळा. चीफ भिजलेल्या टॉवेलने डिश पुसत राहिले, पुसेपर्यंत ती पुन्हा भरायची. शेवटी आत आले, ओले चिंब, आणि किल्ली हातात घेतली. तोंड एवढंसं झालं होतं. "मंजूर म्हणजे मंजूर. चला परत."

"एवढ्या पावसात? बसा खाली," वहिनी म्हणाल्या. "आज काय होणार ते मला ठाऊक आहे. मेघना माहेरची पेटी उघडणार, आणि सासू दारात उभी असणार."

"थांब थांब. मेघना कोण?"

"अहो, धाकटी सून! इतके दिवस बाहेर उभं राहून ऐकत काय होतात?"

"बीप," चीफ म्हणाले.

आम्ही हसून हसून लोळलो. मग वहिनींनी अख्खा भाग रचून सांगितला, सासूच्या आवाजासकट. चीफ लहान मुलासारखे विचारत होते, मग? मग ती काय म्हणाली? पाऊस थांबला, तरी टीव्ही लावायचं कोणाच्या मनात आलं नाही.

पुढच्या सहलीला आकाश निरभ्र, आणि चीफना सिग्नल सापडेना. मी बघते तर डिश सरळ ताडाच्या झाडावर रोखलेली! "चीफ, वर! वर करा!" मी ओरडले. ते खिडकीशी येऊन हळूच म्हणाले, "ताई, आज जरा गप्प बसा." आत वहिनींनी आधीच टीव्हीचं बटण बंद करून तीन कप चहा ओतला होता. "सापडेना ना? राहू दे. या, कुठवर आलो होतो आपण?"

गेल्या वर्षी चीफ गेले. संध्याकाळी मी वहिनींकडे जाऊन बसते. टीव्ही चालू असतो, पण त्यांचं लक्ष नसतं. मी म्हणते, सांगा काहीतरी. त्या म्हणतात, "तुम्हाला सगळं ठाऊक आहे हो. तुम्हाला काय सांगायचं?"

तुला मात्र त्यातलं ओ की ठो कळत नाही, म्हणून तर म्हणतेय. या शनिवारी ये. थेट त्यांच्याकडेच जाऊ, चहा तिथेच घेऊ. आणि त्या बोलायला लागल्या की मधे मधे विचारत राहा गं, मग? पुढे काय झालं?