बेडूक गिळणारा

खंडेराव म्हणजे गरीब गाय, असं सातपूरच्या त्या कारखान्यात सगळे म्हणत. गाईलाही शिंगं असतात, हे माणसं सोयीने विसरतात.

कारखाना मोटरसायकलच्या ब्रेकच्या पिना बनवायचा आणि खंडेराव तिथे बावीस वर्षं माल तपासायचा. खराब मालाला लाल चिठ्ठी लावून तो बाजूला ठेवणं, हे त्याचं काम. याशिवाय एक काम होतं, ते नेमणूकपत्रात लिहिलेलं नव्हतं. पिना भट्टीत पुरेसा वेळ तापल्या तरच टणक होतात. पण घाई असली की मालक रविराजशेठ भट्टीचा वेळ तोडायचा, लाल चिठ्ठी काढायला लावायचा आणि माल गाडीत भरायचा. पुढे तक्रार आली, की माल घेणाऱ्या कंपनीचे साहेब जाब विचारायला येत. मग खंडेरावाला केबिनमध्ये बोलावणं जाई.

तिथलं सगळं ठरलेलं होतं. शेठ आधी खराब पीन टेबलावर आपटायचा. मग खंडेरावाच्या पोरीचं नाव काढायचा, "घरी शिकणारी पोरगी आहे म्हणून तुला ठेवलाय" असं म्हणायचा. शेवटी त्याच्या गळ्यातलं ओळखपत्र ओढून कचऱ्याच्या टोपलीत टाकायचा आणि गेटबाहेर काढायचा. खंडेराव मान खाली घालून बसथांब्याजवळच्या टपरीवर जाऊन बसे. दोषी माणसावर कारवाई झाली म्हणून साहेब लोक समाधानाने परत जात. गाडी वळली, की शिपाई ओळखपत्र घेऊन टपरीवर हजर. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि संन्यासी दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर.

पहिल्या वेळी खंडेराव खरोखर रडला होता. आधीचा कारखाना बंद पडला तेव्हा शेठनेच त्याला उभं केलं होतं. त्या उपकाराखाली तो दबला, तो दबलेलाच राहिला. माल गाडीत भरणारा किशोर आणि त्याची टोळी पाठीमागे त्याला शेठचा चमचा म्हणायची. बोलणी खायची ती खायचीच, आणि वर चमचाही म्हणवून घ्यायचं. खंडेरावाला हे सगळं ऐकू येत होतं, पण त्याने कधी ब्र काढला नाही.

या वर्षी मात्र प्रकरण हाताबाहेर गेलं. कंपनीत नवी मोटरसायकल चालवून पाहताना ब्रेकची पीन तुटली आणि गाडीवरच्या पोराचा गुडघा चेचला गेला. पोरगा नाशिक रोडचा, जेमतेम तेवीस वर्षांचा. आता नुसत्या आरडाओरड्याने भागणार नव्हतं. शेठने कागदच टाइप करून आणला : 'मी न तपासता माल पुढे पाठवला.' खाली खंडेरावाची सही हवी होती.

"नेहमीचंच आहे रे," शेठ म्हणाला. "फक्त या वेळी सही."

सही केली असती तर त्या पोराचा पाय खंडेरावाने मोडला, असं कायमचं लिहिलं गेलं असतं. केस झाली तर तीही त्याच्याच नावावर. खंडेरावाने एक दिवस मागून घेतला. खरं सांगायचं तर सही न करायचं धाडस त्या क्षणी त्याच्यात नव्हतं.

संध्याकाळी घरी त्याची पोरगी स्नेहल खोलीत येरझाऱ्या घालत बोलत होती. ती इंग्रजीत एम. ए. करते. वर्गात प्रत्येकाने वापरातून गेलेल्या एका इंग्रजी शब्दाची जन्मकथा सांगायची होती, तिच्या वाट्याला 'टोड-ईटर' आला होता. पप्पांना कळावं म्हणून तिने मराठीत सांगितलं.

टोड-ईटर म्हणजे बेडूक खाणारा. तीन-चारशे वर्षांपूर्वी इंग्लंडच्या बाजारांत भोंदू वैद्य औषधं विकायचे. बेडूक विषारी असतो अशी तिकडे लोकांची समजूत होती. वैद्याचा हाताखालचा माणूस गर्दीसमोर बेडूक गिळायचा, निदान गिळल्यासारखं करायचा, आणि तडफडत पडायचा. वैद्य त्याला औषध पाजून उभा करायचा. लोक थक्क व्हायचे आणि औषध खपायचं. पुढच्या शतकात हाच शब्द श्रीमंतांच्या घरी राहणाऱ्या गरीब आश्रितांना चिकटला. मालकिणीचा राग ज्यांनी निमूट सोसायचा, त्या बायकांना टोड-ईटर म्हणू लागले. मग अर्थ आणखी घसरला आणि टोड-ईटर म्हणजे खुशमस्कऱ्या, लाळघोट्या झाला. शेवटी मूळ शब्द मेला. त्यातून निघालेली 'टोडी' ही शिवी तेवढी उरली.

खंडेरावाने तिला थांबवलं. मग त्याने विचारलं, "आन् त्या वैद्याला काय म्हनायचे?"

"त्याचं काय, पप्पा? शब्द बेडूक खाणाऱ्याचा आहे."

"म्हंजे बेडूक यानं गिळायचा, औषध त्यानं विकायचं, आन् शिवी बी यालाच?"

स्नेहलने वही चाळली. वैद्याबद्दल तिच्या टिपणात काही नव्हतं.

त्या वेळी खंडेरावाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बावीस वर्षांत जी चढली नव्हती, ती एकदम चढली. नुसता नकार देऊन ती विझणार नव्हती. शेठला उघडं पाडायचं, तेही शेठच्याच हातांनी, असा डूख त्याने त्या संध्याकाळी धरला. जेवण मात्र पोटभर केलं.

सकाळी त्याने शेठला सांगून टाकलं, की चौकशीला येणाऱ्या मॅडमसमोरच सही करतो. शेठने खूश होऊन त्याची पाठ थोपटली.

कंपनीकडून संजना मॅडम आल्या होत्या. नवीन होत्या, आणि शिरस्त्याप्रमाणे आधी कारखाना बघायला निघाल्या. तपासणीच्या टेबलापाशी खंडेरावाने हात जोडले.

"मॅडम, येक इनंती हाय. आत केबिनमदी काय व्हनार ते मी सांगतो, तुमी लिहून ठेवा. आधी पीन आपटतील. मंग माज्या पोरीचं नाव काढतील. मंग ह्ये कार्ड टोपलीत जाईल."

मॅडमनी त्याच्याकडे जरा विचित्र नजरेने पाहिलं, पण लिहून घेतलं.

केबिनमध्ये शेठ रंगात आला. पीन अशी आपटली, की चहाच्या कपाने बशी सोडली. मग घरी शिकणारी पोरगी निघाली. खंडेराव नेहमीसारखाच मान खाली घालून उभा होता, आणि आतून त्याला असा आनंद होत होता, की त्याची त्यालाच लाज वाटावी. शेठचा हात त्याच्या गळ्याकडे आला.

"आता कार्ड टोपलीत ना?" मॅडमनी कागदावरून मान वर न करता विचारलं.

शेठचा हात फितीवरच थिजला. खंडेरावाने बावीस वर्षांत पहिल्यांदा त्या केबिनमध्ये मान वर केली.

"माल मी अडवला व्हता, मॅडम. लाल चिठ्ठी लावली व्हती. ती कुनी काढायला सांगितली, किशोरला इचारा."

किशोरला बोलावलं. तो आधी शेठकडे बघत राहिला, मग खंडेरावाकडे, आणि खाली बघून म्हणाला, "शेठनी." मॅडमनी तेही लिहिलं. टाइप केलेला कागद त्यांनी सहीशिवायच फायलीत ठेवून घेतला.

मॅडमची गाडी गेल्यावर खंडेराव सवयीने टपरीवर जाऊन बसला. या खेपेला शिपाई आला नाही, शेठ स्वतः आला. घाम पुसत बाकावर टेकला, बावीस वर्षांचं नातं काढलं, कसंही करून सांभाळून घे म्हणाला. खंडेरावाने चहा संपवला.

"चला, नाशिक रोडला जाऊ. त्या पोराच्या घरी. चिठ्ठी कुनी काढाय लावली, ते त्याच्या आईला तुमी तुमच्या तोंडानं सांगा."

"अरे, चारचौघांत माझी अब्रू जाईल, खंडेराव."

"व्हय," खंडेराव उठत म्हणाला. "त्येवढ्यासाठीच नेतोय."