डोंगराचा मुलगा पाणी का पीत नाही

त्याची कादंबरी कुरिअरने महाडला माझ्या शाळेत आली. मी तिथे मराठी शिकवते. पहिल्या पानावर ‘मोकळेपणाने सांग’ एवढंच लिहिलेलं. लग्नाचं ठरवून एक शब्द न बोलता गायब झालेल्या माणसाने मोकळेपणा मागावा, कमालच आहे.

कल्पना मात्र झकास होती. असणारच, निम्मी माझी होती. कॉलेजात असताना पोलादपूर-महाड एसटीत आम्ही ती रचली. आंबेनळी घाटाच्या धुक्यात राहणारा डोंगराचा मुलगा नदीच्या मुलीवर भाळतो. तिच्या हातचं पाणी प्यायला की तो माणूस होणार, पण घरच्यांना कायमचा परका. तो पितो की नाही, यावर आम्ही महाड येईपर्यंत भांडायचो. हा म्हणायचा, पिणार म्हणजे पिणारच. आणि माझी बाटली घेऊन घटाघटा संपवायचा.

पुस्तकात काय? दर दोन पानांनी नायिकेचे केस उडतात. राजवाडा, शाप, बोलणारा घोडा, सगळी खोगीरभरती. तरी मी नेटाने वाचत राहिले. मला एकच गोष्ट हवी होती, तो का गेला ते.

खरं तर मला माहीत होतं. एकदाच मी त्याच्या गावी, घरी गेले होते. त्याला पाणी द्यावं म्हणून तांब्या उचलला, तर त्याच्या आईने तो माझ्या हातातून हळूच काढून घेतला. “राहू दे गो, मी देते त्याला.” आम्ही बौद्ध, ते गावातले जमीनजुमलावाले. माझं आडनाव त्यांनी दारातच विचारून घेतलं होतं. त्याने मान खाली घालून आईच्या हातून पाणी घेतलं. त्यानंतर त्याचा फोन आला नाही. पण ते त्याच्या तोंडून, निदान त्याच्या नायकाच्या तोंडून, मला ऐकायचं होतं.

शेवटाकडे नदीची मुलगी ओंजळ भरून उभी राहते. मी पान उलटलं. ‘काही कारणाने तो परत आला नाही,’ आणि लगेच राजकन्येशी त्याचं लग्न.

शिक्षकांच्या खोलीत मी ढसाढसा रडले. मग त्याला मेसेज केला, ‘तो पाणी का पीत नाही?’

लगेच उत्तर आलं. ‘अगं, लिहिला होता तो प्रसंग. पानं वाढत होती, काढून टाकला. गोष्टीला त्याने काही फरक पडत नाही.’

गोष्टीला पडत नसेल. ती मुलगी अजून ओंजळ धरून उभी आहे, आणि तिला कुणी काही सांगितलेलं नाही.