बाबांचं ‘येतो’

ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकला जायचं ठरलं ते आईच्या बर्फासाठी. सत्तरी ओलांडल्यावर तिला एकदा खऱ्या बर्फात पाय ठेवायचा होता, आणि तोही बाबांबरोबर. बाबा पनवेल सुटायच्या आधीच सुरू झाले. “कर्नाळ्याच्या पहिल्या वळणावर जिला धाप लागली, ती बाई आल्प्स बघणार!”

शहर छोटंसं, नदीकाठचं, डोंगर अगदी अंगावर आलेले. तिथलं ते प्रसिद्ध सोन्याचं छप्पर बघून बाबा म्हणाले, “एवढंच? सुकापूरच्या बिल्डरच्या गेटला याहून जास्त सोनं आहे.” मी थर्मलवर थर्मल चढवून इतका फुगलो होतो की फोटोत छपरापेक्षा मीच जास्त आलो.

डोंगरावर टप्प्याटप्प्याने जायचं होतं. आधी छोटी रेल्वे, मग एक रोपवे, मग दुसरा. बर्फ उरला होता तो अगदी वर. रेल्वेतून उतरलो तर समोर कॉफीचं दुकान. बाबांनी एकदा दुकानाकडे बघितलं, एकदा आमच्याकडे. म्हणाले, “बरं, येतो मी.”

आम्ही दोघं पहिल्या रोपवेने वर गेलो आणि मधल्या स्टेशनवर आई थांबली.

“ते येतो म्हणालेत. बर्फ दोघांनी मिळून बघायचाय.”

बाबांचा फोन बसमध्ये चार्जिंगला लावलेला. खालून रोपवेचा डबा आला की आई पुढे व्हायची. भलतीच गोरी माणसं उतरायची, आई त्यांना वाट द्यायची.

“आई, तू जा वर. मी थांबतो.”

“नको रे. चिडतील.”

मग टूरचा गाइड धावत आला. वर जायला आता वेळ नव्हता, बस सुटणार होती.

खाली बाबा सफरचंदाचा केक संपवत होते.

“अहो, तुम्ही येतो म्हणाला होतात ना!”

“अगं, निघताना माणूस काय म्हणतो? जातो म्हणतो? इतकी वर्षं संसार केलास, साधं मराठी नाही आलं तुला!”

बस थेट इटलीकडे निघाली. बाबांनी गाइडकडून माइक मागून घेतला आणि सगळं रंगवून सांगितलं. अख्खी बस हसली. एवढ्या कपड्यांत हसायला त्रास होतो, तरी मीही हसलो. ते पांढरं शिखर आईच्या खिडकीतून बराच वेळ दिसत होतं. तिने पडदा ओढून घेतला.

आता घरी पाहुणे आले की बाबा किस्सा काढतात. हल्ली शेवटचं वाक्य आईच म्हणते, हुबेहूब बाबांच्या आवाजात. तिचं जास्त रंगतं.

परवा कुणीतरी विचारलं, “म्हणजे काकू, बर्फ राहिलाच?”

“राहतोय कसला! फ्रीजर उघडला की रोज बघते ती,” बाबा म्हणाले.

पाहुणे पुन्हा हसले. आईही हसली आणि उठली. दारातून वळून म्हणाली, “घालू ना तुमच्या सरबतात?”