आबांचं नाक आणि मक्याची व्हिस्की

माझा कॉलेजातला मित्र आता स्कॉटलंडलाच स्थायिक झालाय. गेल्या हिवाळ्यात तो धुळ्याला आला, तो बॅगेत तीस वर्षं मुरलेली सिंगल ग्रेन व्हिस्की घेऊन. ती चाखायला आम्ही रविवारी भरदुपारी दोंडाईच्याजवळच्या आमच्या शेतात गेलो. कपाशीच्या काड्यांवर भरताची वांगी टाकली आणि खाटेवर ठाण मांडलं. मी सवयीने सोड्याची बाटली काढली, तर मित्र खेकसला, "सोडाच घालायचा तर तुझी नेहमीची पी ना!"

मग त्याने मला शहाणं केलं. एकाच कारखान्यात बनते म्हणून सिंगल, आणि मुख्य माल जव नसून मका किंवा गहू असतो म्हणून ग्रेन. ही मक्याची होती. आधी हुंगायची, मग पाण्याचे दोन थेंब, मग घोट. मला सुकं खोबरं भाजल्यासारखा वास आला आणि मागून गुळाच्या पाकाचा. घोट इतका अलगद उतरला की सोडा काढल्याची मला लाजच वाटली.

तेवढ्यात बांधावरून आबा, म्हणजे माझे वडील, येताना दिसले. वय पंच्याहत्तर, दारूला कधी शिवलेले नाहीत. मी सत्तेचाळीस वर्षांचा बाप्या, पण त्यांच्यासमोर प्यायची माझी अजून छाती नाही. ग्लास लपवेपर्यंत ते खाटेपाशी पोचलेसुद्धा.

"काय शे रे हाई?" त्यांनी आपल्या अहिराणीत विचारलं.

मी सोड्याची बाटली पुढे केली. मित्र मात्र सरळ म्हणाला, "आबा, मक्यानी दारू शे. तीस वरीस लाकडी पिंपमा ठेयेल शे."

"तीस वरीस? कीडा नही लागनात?"

रागावायचं राहून आबा मक्यात अडकले, कारण मका हा त्यांचा जन्माचा धंदा. दोंडाईच्याच्या बाजारात चाळीस वर्षं ते मूठभर दाणे नाकाशी नेऊन ओलावा सांगायचे. यंत्र आलं, तरी लोक आधी आबांना विचारायचे. पण दोन वर्षांपूर्वी एका तापात त्यांना वास येईनासा झाला. डॉक्टर म्हणाले, वाट बघा. आबांनी बाजार सोडला. ताटात काय वाढलंय याची चौकशीही सोडली. जोरात बोलणारा माझा बाप घरात गप्प बसून राहायचा आणि मला ते बघवत नव्हतं.

मित्राने ग्लास पुढे केला. "पिऊ नका आबा, नुसता वास घ्या."

आबांनी हुंगलं. मान हलवली. "नही."

मित्राने पाणी टाकून थोडं थांबायला सांगितलं. आपल्याला खोबरं, लाकूड, गूळ असं काय काय लागतं हेही सांगून टाकलं. मी मनात कपाळावर हात मारला. आबांनी पुन्हा हुंगलं, डोळे मिटले.

"खोबरं शे," ते म्हणाले. "लाकूडबी शे."

मित्र खूश झाला. माझा मात्र विश्वास बसेना. आबा पाहुण्याचं मन राखत होते. त्याने पढवलेलंच बोलत होते.

"आबा, खरंच वास येतोय का?" मी विचारलं.

त्यांनी तिसऱ्यांदा ग्लास नाकाशी नेला आणि मूठभर दाण्यांचा निकाल द्यावा तसं म्हणाले, "तापना आधी तू शनवारे बडीशेप खाईसन घर येत व्हता ना, ती दारू नाकमा सुईनागत टोचे. हाई टोचत नही. हाई चांगली शे."

मित्र खो खो हसत सुटला. हे काही त्याने पढवलेलं नव्हतं, म्हणजे आबांना खरंच वास येत होता. माझी मान खाली गेली, कानशिलं तापली आणि डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. चोरी पकडली गेल्याचा इतका आनंद मला जन्मात कधी झाला नव्हता.