सामो राजा, क्लीव्हलँड आणि बाबांचा मुक्काम

बाबांना अमेरिकेत येऊन पाच महिने झाले, तरी मॉलशिवाय आम्ही त्यांना काही दाखवलं नव्हतं. नागपूरच्या शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेला माणूस! म्हणून क्लीव्हलँडचं पूर्व युरोपातल्या स्लाव्ह लोकांचं एक छोटं संग्रहालय शोधून काढलं. माझाही स्वार्थ होताच. त्यांचा मुक्काम सहा महिन्यांनी वाढवायचा अर्ज लॅपटॉपवर भरून तयार होता, फक्त त्यांचा होकार हवा होता. आधी जरा खूश करावं म्हटलं.

शनिवारी सकाळी आमच्या ॲन आर्बरहून निघालो. जेमतेम तीन तास, सरळसोट कंटाळवाणा रस्ता, ओहायोत टोल. चार वर्षांची लेक मिहिका मागून सारखी “आर वी देअर येट?” करत होती.

संग्रहालय म्हणजे चर्चमागच्या तीन खोल्या. तिकीट नाही, पेटीत वाटेल ते टाका. दाखवायला हेलन नावाच्या सत्तरीच्या बाई होत्या. त्यांनी सामोची गोष्ट सांगितली. सातव्या शतकात हा आजच्या फ्रान्सकडचा, फ्रँक जमातीचा व्यापारी स्लाव्हांकडे व्यापाराला गेला. ते तेव्हा त्यांच्यावर सत्ता गाजवणाऱ्या अवार टोळ्यांविरुद्ध उठले होते. हा त्यांच्या बाजूनं लढला आणि त्यांनी या परक्यालाच राजा केलं. त्यानं पस्तीस वर्षं राज्य केलं, बारा बायका केल्या, फ्रँक राजाचं सैन्यही परतवलं. तो गेला आणि राज्यही विस्कटलं.

“परक्याला राजा का केलं पण?” बाबांनी इंग्रजीत विचारलं.

“ही वॉज युजफुल,” हेलन म्हणाल्या. जुन्या बखरीत कारण म्हणे तेवढंच दिलंय.

जवळच जेवलो. बटाटा भरलेले पिरोही, म्हणजे उकडलेल्या करंज्याच, छान असतात. शाकाहारींनी ‘बेकन नको’ आधीच सांगावं. तिथे मी विषय काढला.

“बाबा, थांबा ना अजून सहा महिने. मिहिकाला डे-केअरमध्ये जागा मिळेपर्यंत तरी.”

“म्हणजे मीपण सामोच की गं,” बाबा हसत म्हणाले.

“काहीतरीच काय, बाबा!”

“बरं, मग सांग. मिहिकाचा डबा आणि झोप सोडून तू माझ्याशी शेवटचं काय बोललीस?”

मला आठवेना. लाज वाटली.

घरी येऊन अर्ज रद्द केला. डे-केअरचं मी आणि नवरा बघून घेऊ. बाबा ठरल्या तारखेला निघतील. तोवर मी ऑफिसमधून आले, की बाबा आणि मी दोघंच फिरायला जातो. आई गेल्यावर वर्षभर ते रोज दुपारी आपल्या जुन्या शाळेच्या स्टाफरूममध्ये जाऊन बसायचे, कारण घरी बोलायला कुणी नव्हतं, हे मला काल फिरताना कळलं. त्या वर्षी दर रविवारी फोनवर ते मला “सगळं मजेत” सांगत होते.